गव्हाच्या घरात ज्वारी

नागपूरच्या डॉक्टरांनी माझ्या लेकीच्या फुगलेल्या पोटावरून हात फिरवला, रिपोर्ट पुन्हा पाहिला आणि सांगितलं, "हिला गहू सोसत नाही. पोळी, रवा, मैदा, शेवया, बिस्किट, सगळं बंद. आणि थोडे दिवस नाही, कायमचं." ते ऐकून मी हसले. डॉक्टर चमकले. याआधी तीन वर्षांच्या त्या पोरीला जंताचं औषध, टॉनिक, नाना पुड्या सगळं देऊन झालं होतं. नुसता गहू सोडून पोर बरी होणार असेल तर मी हसू नको तर काय करू? "आमच्याकडे ज्वारी पिकते," मी त्यांना म्हणाले.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, बेला गावाकडचं. तेव्हा आमचा जिल्हा आंध्र प्रदेशात होता. घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि रानात कापूस, तूर, ज्वारी. गव्हावाचून चूलच पेटत नाही अशा मुलखात हा आजार निघाला असता तर मी घाबरले असते. मी शाळेत शिकवते. वेळापत्रक लावलं की मला कुठलंही काम सोपं वाटतं. परतीच्या बसमध्येच मी पोरीच्या खाण्याचं वेळापत्रक लावून टाकलं. त्यात एकच अडचण राहून गेली होती आणि ती ओसरीवर नातीची वाट पाहत बसली होती.

माझ्या सासूबाईंनी उभी हयात दुसऱ्यांच्या शेतात काढली. मजुरी ज्वारीत मिळे. ती जात्यावर दळायची, भाकरी बांधायची आणि परत त्याच शेतात जायचं. पाटलांच्या घरी लग्न निघालं की गहू निवडायला आमच्या बौद्धवस्तीतल्या बाया लागत. पंगतीला मात्र त्या चालत नसत. त्यांना मागच्या दारी मिळायचं, उरलंसुरलं. त्या पुऱ्यांवर सासूबाईंचा फार जीव. एक दिवस त्या घरी सगळ्यांच्या ओळीत बसून पुरी खायची, हे त्यांनी कधीचं ठरवून ठेवलेलं होतं. मुलगा मंडल कार्यालयात कारकून झाला त्या दिवशी त्यांनी घरातलं जातं काढून न्हाणीत टाकलं, कपडे आपटायला. या घरात यापुढे पोळीच होईल असं जाहीर केलं. मी सून म्हणून आले तेव्हा तो कायदा मुरलेला होता.

डॉक्टरांचं म्हणणं मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गव्हानं कोनी आजारी पडते काय वं? आजारी मानसाले तं गहू देतेत."

मी मनावर घेतलं नाही. पोरीसाठी वेगळी परात, वेगळा तवा आणला आणि शाळेत जाण्याआधी भाकरी थापून ठेवू लागले. आधी कधी थापली नव्हती, त्यामुळे तिच्या ताटात रोज नवा नकाशा पडे. काही दिवस पोट बरं राहिलं आणि मग पुन्हा ढाळ सुरू झाले. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं पुढे. गेल्या वर्षीचा फ्रॉक तसाच अंगाला होत होता, याची मला भीती वाटू लागली. मी दुकानदाराला झापलं, अंगणवाडीत जाऊन भांडले, शेजारणीला तोंडावर विचारलं. काखेत कळसा नि गावाला वळसा. एका रविवारी जेवताना पोर आजीच्या मांडीवर बसून म्हणाली, "आजी, आज दुधातली पोई नाही?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"देतो मी," त्या म्हणाल्या. "तू शाळेत गेली का रोज देतो."

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. मला त्याचा पश्चात्ताप नाही, आणि वाचणारे नेमकी त्याचीच वाट पाहतात. सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "माह्या लेकराईच्या ताटात जवारीच होती. हिच्या ताटात बी तेच काऊन? हिनं कोनाची मजुरी केली?"

मला त्यांचा संताप आला आणि त्याच वेळी त्यांचं म्हणणं पटलंही.

पण मास्तरकीत एक जुना उपाय आहे. वर्गातलं सगळ्यात वांड पोर असतं त्याला मॉनिटर करायचं. दुसऱ्या दिवशी मी पोरीची परात, तवा, ताट सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं. "आई, आजपासून हिचं खाणं तुमच्याकडे. काय द्यायचं ते तुमीच ठरवा. गहू द्यायचा तर माझ्या देखत द्या, आणि मग हिचे कपडेही तुमीच धुवा."

त्या फुरंगटल्या, पण भाकरीला बसल्या. माझे नकाशे त्यांना तसेही बघवत नव्हते. कपडेही धुऊ लागल्या, न्हाणीतल्या त्याच जात्यावर आपटून. वरणभात आणि भाकरीवर पोर राहिली तसं ते धुणं कमी होत गेलं. कुठल्याही रिपोर्टपेक्षा त्यांना ते पटलं. त्यानंतर शेजारीण पोरीच्या हातावर बिस्किट ठेवायला गेली तर सासूबाई ओसरीवरून असा आवाज देत की बिस्किट शेजारणीच्याच तोंडात जाई.

तरी मधूनच एखाद्या दिवशी पोट बिघडे. शेवटी मी पिठाच्या गिरणीत जाऊन उभी राहिले. कोणाचा तरी गहू संपत होता आणि त्याच्यामागोमाग आमची ज्वारी पडत होती. गिरणीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "थोडंसं तं मिसळतेच, बाई." मी घरी येऊन सासूबाईंना तेवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परतले तर जातं अंगणात. साबणाचा थर घासून काढलेला आणि वडार छिन्नी-हातोडी घेऊन त्याला टाकी लावत बसलेला. सासूबाई शेजारी उभ्या राहून कुठे ठोकायचं ते सांगत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "दुसऱ्या कोनासाठी बसलो नसतो याच्यापुढं." आणि मग रोज बसल्या. मी दळते म्हटलं तर मला हात लावू देत नसत.

पुढे लेकीचा फ्रॉक आखूड झाला. मी मुद्दाम नवा घेतला नाही. तिचे भरलेले गुडघे दिसत आणि मला ते बघायला फार आवडे.

त्याच उन्हाळ्यात पाटलांच्या घरचं लग्न निघालं. यावेळी आमच्या घरी रीतसर बोलावणं आलं, पंगतीचं. सासूबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं. मी लेकीसाठी भाकरी फडक्यात बांधून घेतली, पण मनात धाकधूक होती. घरात तिला सांभाळणं वेगळं. इथे प्रत्येक पानात पुरी असणार आणि पोर चार वर्षांची. आज ती रडली, कोणी दया येऊन तिला तुकडा दिला, तर सगळं केलेलं पाण्यात.

आम्ही ओळीत बसलो, मी एका बाजूला, आजी एका बाजूला, मधे लेक. फडकं सासूबाईंनी माझ्याकडून मागून घेतलं होतं. माझ्या पानात पुरी पडली आणि लेकीचा हात तिच्याकडे सरकला. वाढणारा सासूबाईंपुढे आला. ओळखीचा होता, म्हणाला, "घ्या मावशी, गरम हायेत."

सासूबाईंनी पानावर हात आडवा धरला. "आमच्या घरी जवारी खातेत," त्या म्हणाल्या. ओळीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. मग फडकं सोडलं, भाकरी मोडली, अर्धी नातीच्या पानात ठेवली आणि अर्धी आपल्या.

लेकीने हात मागे घेतला. आजीच्या पानाकडे पाहिलं, भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि चावता चावता विचारलं, "आजी, तुले पुरी नाही आवडत?"

"नाही वं माय," सासूबाई म्हणाल्या.

इतकी वर्षं आम्ही एका घरात राहिलो. मी त्यांना खोटं बोलताना ऐकलं ते तेवढंच.