रवा ओळखणारा महिपती

सन १९३४ मध्ये इंदापूरच्या बाजूला, निरेच्या कालव्यावर, एका कंपनीने साखर कारखाना उभारला आणि मी पुण्याहून तिथे केमिस्ट म्हणून गेलो. वय चोवीस. पहिल्याच महिन्यात आमचा पॅनवाला, म्हणजे रस आटवून साखरेचा रवा धरणारा माणूस, तापाने खंगून आपल्या मुलखात निघून गेला. लागोपाठ चार पॅन, म्हणजे रसाच्या चार खेपा, बिघडले, साखरेऐवजी नुसता चिकटा निघाला. मॅनेजर सगळ्यांदेखत मला म्हणाले, "चिंतामणराव, तुमची डिग्री त्या रसाला दाखवा, बघू घाबरतो का."

त्या दिवशी गाडीतला ऊस उतरवणारा एक माणूस पॅनकडे जाणाऱ्या जिन्यापाशी येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, काटेवाडीचा, नाव महिपती.

"सायेब, तुमी घाई करताय. रस अजून तयार न्हाय."

मी वैतागून त्याला वर बोलावलं. हा माणूस मूळचा गुळव्या. गुऱ्हाळात काहील चुलाणावरून कधी उतरवायची हे तोच सांगायचा. बोटं आधी पाण्यात आणि मग उकळत्या रसात बुडवून गोळी पाहायची, यात त्याची तीन बोटं भाजून भाजून गुळगुळीत झाली होती. बारामतीच्या पेठेत त्याच्या हातचा गूळ व्यापारी नाव विचारून घेत. पण कंपनीने त्या भागातल्या जमिनी खंडाने घेतल्या, ऊस कारखान्यालाच घालायचा असं कराराने ठरलं, आणि कारखाना सुरू होताच गुऱ्हाळं विझली.

त्याने पॅनमधला थेंब काचेवर घेतला, बोटांत चोळला. "अजून न्हाय." पुन्हा चोळला. पाचव्या खेपेला म्हणाला, "आता." साखर पांढरी, एकसारख्या रव्याची निघाली.

तो हंगाम त्याने पार पाडला. पगार मात्र आधीच्या पॅनवाल्याच्या तिसऱ्या हिश्शाचा. गुळव्याला एवढा पुष्कळ, असं मॅनेजर म्हणाले. दुसऱ्या हंगामाआधी त्यांनी मला बोलावलं. "उद्या हा माणूस अडून बसला तर? त्याच्या बोटांत जे आहे ते कागदावर आणा."

मग तो पूर्ण हंगाम मी महिपतीजवळ उभा राहिलो. तो "आता" म्हणाला की मी उष्णता, दाब, घट्टपणा लिहून घ्यायचो. त्याने काही लपवलं नाही. उलट माझं बोट धरून त्यावर थेंब चोळून दाखवायचा. "आमचा धंदा तर गेलाच. तुमच्या हाती तरी ऱ्हाईल," म्हणायचा. दोनशेहून जास्त पॅनांची टिपणं जमली आणि त्यांतून मी एक तक्ता केला.

तिसऱ्या हंगामात पॅनवर दोन मॅट्रिक नापास माणसं आली. ती फक्त काटा बघायची आणि तक्ता वाचायची. पहिल्या दिवशी महिपती बाजूला उभा होता. साखर खाली पडली, तशी त्याने चिमूटभर घेऊन चोळली. "बराबर हाय," एवढंच म्हणाला.

मी रदबदली केली म्हणून त्याला काढलं नाही. हातात काठी देऊन मळीच्या खड्ड्यावर राखणीला बसवलं.

त्या साली देशभर साखर उदंड झाली, भाव कोसळला आणि साखरेतून उरलेल्या काळ्या मळीला कोणी विचारीना. आमचे खड्डे तुडुंब भरले. आसपासच्या वस्त्यांवरच्या बाया घागरी घेऊन यायच्या. कोणी जनावरांसाठी न्यायच्या, कोणी पिठात कालवायला. मॅनेजरनी मला मळीत फिनेल ओतायला सांगितलं.

"टाकूनच द्यायची आहे, तर नेऊ द्या ना," मी म्हणालो.

"फुकट मिळाल्यावर विकत कोण घेईल? अमेरिकेत डुकरं मारून पुरली, ब्राझीलमध्ये कॉफी जाळली. शहाणे लोक लिहितात की भांडवलशाही आता संपली. संपत नाही हो. माल जास्त झाला की तो नासवायचा आणि माणसं कमी करायची. पुढेही असंच चालेल."

मी फिनेल ओतलं. महिपती बघत होता. मॅनेजर काय म्हणाले ते त्याने मला विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "मग तिकडली माणसं काय खात्यात?"

एका नव्या खड्ड्यात फिनेल पडायचं राहिलं होतं. तिथे बनाबाई यायला लागली. महिपतीच्या गुऱ्हाळात ती अकरा वर्षं चुलाणाला जाळ घालत होती. दोनदा त्याने तिला समजावून परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजर आणि मी फेरीवर होतो, तेव्हा ती घागर भरून बसली होती.

"ती कोण?" मॅनेजरनी विचारलं.

"वळखीची हाय, सायेब. शेळ्यांस्नी नेतीया."

"ओळखीची आहे तर तुझं काम सोपं आहे. जमत नसेल तर दुसरा बघतो."

महिपती उतारावरून खाली गेला. तो घागर उचलू लागायला आला असं तिला वाटलं असणार, कारण तिने हसून घागरीला हात घातला. त्याने काठी हाणली. घागर फुटली आणि हाड मोडल्याचा आवाज वर आमच्यापर्यंत आला. बनाबाई मळीने माखून तिथेच बसली. "दादा, हात मोडला की रं माजा," म्हणाली.

"आता कोणी येणार नाही," मॅनेजर म्हणाले आणि पुढे निघाले. मी त्यांच्या मागे गेलो.

तिचा हात वाकडाच सांधला. उसाची मोळी बांधता येईना, तेव्हा शेळ्या विकून ती नरसिंहपूरला देवळाच्या पायऱ्यांवर बसायला लागली.

पुढच्याच महिन्यात कारखानदारांनी साखर कमी काढायची असं आपसात ठरवलं. आमचं गाळप मुदतीआधी थांबलं. नवी मळीच नाही तर राखण कसली, म्हणून काढायच्या यादीत महिपतीचं नाव पहिलं आलं. कागद मी लिहिला. तो घेऊन तो प्रयोगशाळेच्या दारात आला.

"सायेब, पॅनवर घ्या. तुमच्या तक्त्याखाली हुबा ऱ्हातो. त्वांडातून सबूद काढणार न्हाय."

"जागा नाही, महिपतराव."

"बनाला मारलं ते तुमच्या म्होरंच की."

"हो."

"मग मी तिला कशापायी मारलं?"

मी समोरच्या नळ्या धुवायला घेतल्या. तो निघून गेला.

दोन वर्षांनी मी मुख्य केमिस्ट झालो. बारामतीहून कंपनीच्या मोटारीने येताना रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसं दिसली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. महिपती हातोडा घेऊन बाजूला सरकला आणि आत कोण आहे ते न बघताच त्याने मोटारीला सलाम केला. ड्रायव्हरला मी थांबायला सांगितलं नाही.