मुक्या राजाची डरकाळी

कुंभारी गावच्या धोंडीरामचा गळा म्हणजे काय गळा होता. जत्रेतल्या नाटकात तो दरवर्षी राजा व्हायचा, आणि त्याची पहिली डरकाळी फुटली की मंडपामागं बांधलेली बैलं दावी ताणायची. एरवी तो अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यात यंत्रमागावर चादरी विणायचा. वर्षभर चादरी, एक दिवस मुकुट. त्या एका दिवसावर गडी वर्ष काढायचा.

शहात्तर साली जत्रा तोंडावर आली आणि त्याच्या अपेंडिक्सनं उचल खाल्ली. सोलापुरात ऑपरेशन झालं. शुद्धीवर येऊन त्यानं पाणी मागितलं, तर गळ्यातून गंजक्या बिजागरीसारखी करकर निघाली.

"दाक्तरसाहेब," त्याची बायको सोजरबाई म्हणाली, "दुखणं पोटाचं होतं की. गळ्याला कुणी हात लावला?"

"भूल दिल्यावर श्वासासाठी घशातून नळी घालावी लागते, बाई. ती घालताना स्वरयंत्राला लागलंय. सूज उतरेल. पण मी सांगेपर्यंत बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. हट्ट केला तर आवाज कायमचा घोगरा होईल."

"उतरू द्या सावकाश," सोजरबाई म्हणाली. "घरात तेवढीच शांतता."

धोंडीरामला हसू आलं नाही. टाके निघाले, जत्रा परवावर आली, आवाजाचा पत्ता नव्हता. मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर जाणार. जड पावलांनी तो कारखान्यात धुळाप्पाकडं गेला. धुळाप्पा त्याच्या शेजारच्या मागावरचा आणि नाटकातला प्रधान.

मागांच्या खडखडाटात तिथं कुणी आवाज काढतच नसे. एकानं ओठ हलवायचे, दुसऱ्यानं ते वाचायचे, ही सगळ्यांची रोजची रीत. धुळाप्पाचे ओठ हलले, "राजाचं काय करायचं?"

सवयीनं धोंडीरामनंही नुसते ओठ हलवले, आणि त्या भरात दरबारातलं अख्खं भाषण म्हणून टाकलं. धुळाप्पाला शब्द न् शब्द कळला. दोघं एकमेकांकडं बघतच राहिले.

जत्रेत पडदा वर गेला. राजा सिंहासनावरून उठला, छाती फुगवली, ओठ हलवले. मंडपात चिडीचूप. मागून कुणाचा तरी पाहुणा म्हणाला, "माईक बंद पडला का?"

तोवर पुढच्या रांगा, सगळे कारखान्यातले यंत्रमागवाले, एका सुरात गरजल्या, "प्रधानजी, आमच्या तलवारीला अजून गंज चढलेला न्हाय."

मंडपामागं बैलांनी दावी ताणली. राजा ओठ हलवत गेला, रांगा बोलत गेल्या. शेवटच्या अंकात राजा रणात पडला, तेव्हा शंभरएक नरड्यांनी एकदम प्राण सोडला.

पुढं डॉक्टरांनी गळा तपासला आणि बोलायला परवानगी दिली. धोंडीरामनं सायकल हाणली ती थेट कारखान्यात. चालत्या मागांच्या मधोमध उभं राहून त्यानं भरल्या गळ्यानं ती डरकाळी फोडली. अगदी पहिल्यासारखी, खणखणीत. एकानंही मान वर केली नाही.

फक्त धुळाप्पाचं लक्ष त्याच्या मानेच्या ताठ शिरांकडं गेलं. त्यानं काळजीनं धोंडीरामच्या खांद्यावर हात ठेवला आणि ओठ हलवले, "नरड्याला ताण नको देऊस, बाबा. कळतंय की आमाला."