चित्रपटात नसलेली मेंढरं

उभी हयात वह्या तपासण्यात गेली की माणसाला एक खोड जडते. समोरचा काही चुकीचं बोलला की जीभ वळवळते. मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, माझी अजून वळवळते.

पुंडलिकनगरच्या आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मी दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दुपारी चित्रपट दाखवते. कल्पना माझ्या मैत्रिणीची. ती मानसोपचारतज्ज्ञ आहे. मनाच्या दुखण्यावरचा एखादा चित्रपट बघायचा, मग चहा, मग चर्चा. पहिल्याच चर्चेत एका बाईंनी स्वतःच्या उदासपणाबद्दल तोंड उघडलं आणि सगळे त्यांच्यावर तुटून पडले. प्राणायाम करा, पहाटे फिरायला जा, देवाचं नाव घ्या! त्या बाई पुन्हा फिरकल्या नाहीत. तेव्हा मी नियमच करून टाकला. इथं स्वतःबद्दल बोलायचं नाही, फक्त पात्रांबद्दल बोलायचं. पात्राला कोण प्राणायाम सांगणार?

नियम छान चालला. लोक पडद्यावरच्या सासूबद्दल इतक्या पोटतिडकीनं बोलायचे की ती सासू कुणाची हे सगळ्यांना कळायचं. कुणी तसं बोलून दाखवायचं नाही, एवढंच. मला त्या नियमाचा फार अभिमान होता.

मग मैत्रिणीनं बिडकीनकडच्या तिच्या एका पेशंटना, त्यांना विचारूनच, माझ्याकडे पाठवलं. पन्नाशीचे गृहस्थ. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर. चराईची रानं कंपन्यांच्या कुंपणात गेली तसा त्यांनी कळप विकला होता आणि आता ते एका कंपनीच्या आवारात झाडांना पाणी घालत. "माझ्यापुढं ते शब्द काढत नाहीत, घरीही नाही," मैत्रीण म्हणाली. "तुझ्याकडं बोलले तर बघ."

तीन महिने ते शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. चहा झाला की स्वतःचा कप विसळून पालथा घालायचे. मी त्यांना बोलायचा आग्रह केला नाही. तेवढी अक्कल मला होती.

चौथ्या महिन्यात एका निवृत्त पोस्टमनचा चित्रपट होता. नोकरी संपते आणि तो घरात मुका होतो, अशी गोष्ट. चर्चा सुरू झाली आणि मागून आवाज आला.

"त्यो पहाटं उठतो ना, मॅडम," ते म्हणाले, "तवा त्याला मेंढरांचा आवाज येतो. मग त्यो वाडग्याकडं जातो. तिथं काय बी नसतं. तरी उजाडस्तोवर तिथंच उभा ऱ्हातो."

कुणीतरी फिसकन हसलं. इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणारा पोस्टमन तो, त्याच्याकडे मेंढरं कोंडायचं वाडगं कुठलं!

आणि माझी जीभ वळवळली. "अहो, मेंढरं कुठं आहेत चित्रपटात?" एवढ्यावरही थांबले नाही मी. लॅपटॉपवर तो प्रसंग मागे नेला आणि पुन्हा लावला. "हे बघा. तो उठतो, पाणी पितो आणि परत झोपतो. बस."

त्यांनी पडद्याकडे अगदी मन लावून बघितलं. "व्हय मॅडम. पाणीच पेतो. माझंच चुकलं."

"हरकत नाही," असं म्हणून मी पुढच्या माणसाकडे वळले.

संध्याकाळी घरी मेथी निवडताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लोकांना आडोसा हवा म्हणून तो नियम मीच केला होता. त्या आडोशाला पहिल्यांदाच आलेल्या माणसाला भर हॉलमध्ये उघडं पाडलं, तेही मीच. लगेच फोन केला. ड्युटीवर आहे, म्हणाले. पुढच्या दोन महिन्यांतल्या तिसऱ्या रविवारीही ड्युटीच होती.

शेवटी एका सकाळी बस धरून मी त्यांच्या घरी गेले. ते आंघोळीला गेले होते. त्यांच्या बायकोनं खुर्ची दिली.

"तुमच्याकडून आले की दोन दिस लई बोलायचे," ती म्हणाली. "पिक्चरची समदी गोष्ट सांगायचे मला. आता पुन्हा गप."

तिच्या मागं वाडगं दिसत होतं. काट्यांचं कुंपण शाबूत होतं आणि आतली जमीन झाडून स्वच्छ केलेली.

ते आले. नमस्कार केला, चहा सांगितला. मी म्हणाले, "त्या दिवशी माझं चुकलं. तुम्ही सांगत होता ते मला ऐकायचंय. तुम्हाला पहाटे जाग येते, तेव्हा काय होतं?"

माझा नियम मी पहिल्यांदाच मोडत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. बरोबर उत्तर पाठ करून आलेल्या विद्यार्थ्यासारखे ते सावरून बसले.

"काय नाय, मॅडम," ते म्हणाले. "उठतो, पाणी पेतो आन् परत झोपतो. बस."