पायांत काहीच उरलं नाही

काल मैदानावर एक बाई शर्यतीआधी आपल्या मुलीला केळं सोलून देत होती. ते पाहताना मला सुनंदा आठवली.

मी तेव्हा शाळेत खेळाचा शिक्षक होतो. तालुक्याच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत सुनंदा सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या वळणावर तिचे पाय लटपटले आणि ती मटकन खाली बसली. मी सगळ्यांदेखत ओरडलो, “ऊठ! नाटकं पुरे झाली!”

ती हळूच म्हणाली, “सर, पायांत काहीच उरलं नाही.”

ती अगदी खरं सांगत होती. भाकरीतून मिळालेली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं आणि पळताना ती खर्च करतं. तो साठा संपला की नुसत्या जिद्दीने पाय उचलत नाहीत. सुनंदाची आई आजारी होती, आदल्या दुपारपासून घरात चूल पेटली नव्हती. हे मला आठवड्याने तिच्या मैत्रिणीकडून कळलं. मी मात्र तिला काही खाल्लंस का, एवढंही विचारलं नव्हतं.

मी तिच्या घरी गेलो. माझं चुकलं, असं म्हणायचं होतं, तोंडून निघालं, “सरावाला ये.”

“येते, सर,” ती खाली बघत म्हणाली.

त्यानंतर ती वर्गात रोज दिसायची. मैदानावर मात्र कधीच आली नाही.