चालू कॉल तोडायचा नाही

कुणाच्याही घरी गेले की आमचे टेलिफोनवाले साहेब बसायच्या आधी फोन उचलायचे. रिसीव्हर कानाला, डोळे मिटलेले आणि एक बोट वर, म्हणजे सगळ्यांनी गप्प बसायचं. टोन ऐकून झाला की मान हलवायची. "ठीक आहे. आता चहा टाका." माझ्या साखरपुड्यालाही त्यांनी हेच केलं. सासरेबुवांना वाटलं, पाहुण्यांना एसटीडी लावायचाय. बिचारे धावत फोनच्या कुलपाची किल्ली घेऊन आले.

सातपूरच्या एका कारखान्यात आमचा टेलिफोन विभाग होता. विभाग कसला, साहेब, मी आणि ऑपरेटर सुमनताई, एवढेच. साहेब मूळचे मनमाडचे, आवाज असा की त्यांना फोनची गरजच काय, असं लोक म्हणायचे. स्वतःचं कौतुक करायला त्यांना दुसरं कुणी लागायचं नाही. "अख्ख्या नाशकात एक्स्चेंज कळणारी दोन माणसं. एक मी. दुसरा अजून सापडायचाय."

सुमनताई जन्मापासून अंध. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी त्या घ्यायच्या आणि बोर्डावरची बटणं चाचपून जोडून द्यायच्या. त्यांचं "नमस्कार" असं असायचं की भांडायला फोन केलेला माणूसही निम्मा निवळायचा.

साहेबांचा नियम एकच, चालू कॉल तोडायचा नाही. दुरुस्ती कितीही अडलेली असो, बोलणं संपेपर्यंत हात लावायचा नाही. मी कधी घाई केली की म्हणायचे, "पलीकडे माणूस आहे रे, वायर नाही."

दोन हजार साल उलटून गेल्यावर कारखान्यातले सगळे फोन जोडणारं कपाटाएवढं ते जुनं एक्स्चेंज थकलं. सुटे भाग मिळेनात. मग पुण्याच्या हेड ऑफिसने ठरवलं की बाहेरचे कॉल आणणाऱ्या-नेणाऱ्या डिजिटल ट्रंक लाइन्स त्यावरून काढून व्हॉइस गेटवेवर न्यायच्या. गेटवे म्हणजे मिठाईच्या खोक्याएवढ्या चपट्या पेट्या. एका ट्रंक केबलवर तीस जण एकदम बोलू शकतात, आणि अशा चार केबली आमच्याकडे होत्या. इथवर साहेब खूश होते.

पण पुण्याहून आलेले एक आयटीवाले सहज म्हणाले, "आता ऑपरेटर लागणार नाही. रेकॉर्ड केलेला आवाज टाकू. एक दाबा, दोन दाबा. तसंही नवा बोर्ड कॉम्प्युटरच्या पडद्यावर असतो, यांना जमणार नाही. सुमनताईंचं दुसरीकडे कुठेतरी बघू." ते 'कुठेतरी' म्हणजे घरी, हे आम्हाला कळलं. त्यांच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. सुमनताईंनी तेवढ्यात आलेला फोन नेहमीसारखाच घेतला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेबांनी सरळ प्लँट मॅनेजरांचं केबिन गाठलं. "सोमवारी भरदिवसा लाइन्स हलवतो. बोर्डावर सुमनताई. जेवणाच्या भोंग्याच्या आत काम पुरं आणि एकही कॉल तुटायचा नाही. जमलं तर त्यांची खुर्ची राहील. नाही जमलं तर बसवा तुमचा तो आवाज."

"हे काम लोक रविवारी करतात हो," आयटीवाले म्हणाले.

"रविवारी कॉलच नसतात. नसलेले कॉल वाचवून काय मिरवायचं?"

मॅनेजरांनी हो म्हटलं. साहेबांनी खटपट करून गेटवेला बटणांचा बोर्ड जोडून घेतला. बटणं ओळखायची कशी, हा प्रश्न सुमनताईंनीच सोडवला. पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढून त्यांनी महत्त्वाच्या बटणांवर टिकल्या चिकटवल्या. तो बोर्ड एखाद्या सवाष्णीसारखा दिसायला लागला.

सोमवारी सकाळी फोनची झुंबड उडाली होती. सुमनताईंच्या डाव्या हाताखाली जुना बोर्ड, उजव्या हाताखाली नवा. साहेब केबलवर नवीन कॉल यायचे बंद करायचे, चालू असलेले संपेपर्यंत थांबायचे आणि ती रिकामी झाली की जुन्या कपाटातून उपसून गेटवेत खुपसायचे. तीन केबली अशा अलगद गेल्या. चौथीवर एका चालू कॉलचा दिवा काही विझेना.

"कोण हो एवढं बोलतंय?" साहेबांनी विचारलं.

"स्टोअरचे भामरे. वणीला. मुलीचं जमतंय बहुतेक," सुमनताई म्हणाल्या. "जोडून मागताना आवाज कापत होता त्यांचा."

भोंगा जवळ आला होता. आयटीवाल्यांनी घड्याळ पाहिलं. माणूस वाईट नव्हता हो. म्हणाले, "खासगी कॉल आहे, तोडा. मी धरणार नाही तो."

"मी धरतो ना," साहेब म्हणाले आणि स्टूल ओढून त्या दिव्यासमोर बसले. सुमनताईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. मी मनातल्या मनात भामरेंच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो.

दिवा विझला. साहेब उठले, केबल उपसली, गेटवेत खुपसली, हिरवा दिवा लागला. आणि लगेच नव्या बोर्डावर घंटी वाजली.

"नमस्कार," सुमनताई म्हणाल्या. ऐकलं, हसल्या, टिकली चाचपून कॉल जोडून दिला. "वणीचेच व्याही. सगळं ठरलं, पण तारीखच सांगायची राह्यली म्हणे." त्यांचं बोलणं पुरं होतंय तोवर भोंगा झाला.

साहेबांनी दोन्ही हात वर केले आणि असे गरजले की पॅकिंगमधली माणसं धावत आली. आयटीवाले आधी सुमनताईंकडे गेले आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "ताई, खुर्ची तुमची." दुसऱ्या दिवशी भामरेंनी पेढे वाटले. आमच्या खोलीत दोनदा.

पुढे साहेब निवृत्त झाले, गंगापूर रोडला राहायला गेले, आणि काही वर्षांनी एका दुपारी गेले. त्यांच्या मुलाचा फोन आला तो सुमनताईंनीच घेतला. मग त्यांनी कारखान्यातल्या एकेका टेबलाला स्वतः फोन लावून सांगितलं. माझा वाजला. "आपले साहेब गेले," एवढंच म्हणाल्या. मला रडू फुटलं, तशा त्याही रडल्या. मग नाक ओढून म्हणाल्या, "ठेवते. पेंट शॉपला सांगायचं राहिलंय अजून."