भाऊजींचा बोर्ड

भाऊजींचा बोर्ड चांगला होता. हे एवढंसं वाक्य — परवापर्यंत मी ते कुणापुढे उच्चारलं नव्हतं. बायकोपुढेही नाही.

दोन हजार सालच्या सुमारास रत्नागिरीत आम्ही दोघंही कॉम्प्युटर जोडून विकायचो. मी आणि माझ्या ताईचे यजमान. माझ्याच दुकानात शिकून त्यांनी समोर दुकान थाटलं, हे मला कधी पचलं नाही.

वाद मदरबोर्डाचा. माझ्या बोर्डात चित्र आणि आवाज चिपसेटमध्येच, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपांमध्येच, वेगळं कार्ड नाही. स्वस्त पडायचा. शिवाय मांडवीच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत कार्डाचे दात, म्हणजे खाचेत बसणाऱ्या धातूच्या पट्ट्या, काळे पडतात — कार्डच नसेल तर गंजणार काय? भाऊजी दुसऱ्या चिपसेटचा बोर्ड घेऊन कार्डं वेगळी बसवायचे. बिघडेल तेवढंच बदलता येतं म्हणायचे. गणपतीत आरतीनंतर सगळ्यांदेखत मला म्हणाले, “तुझा बोर्ड म्हणजे एकाच माणसाला भटजी, आचारी नि वाजंत्री केल्यासारखा रे! तो आडवा पडला की लग्नच मोडलं.”

सगळे हसले. ताईसुद्धा. ते हसणं मी विसरलो नाही — खरं तर, जपून ठेवलं.

मांडवीच्या एका शाळेनं आमच्या दोघांकडून एकेक मशीन बघायला घेतलं होतं. ज्याचं पसंत पडेल त्याला कॉम्प्युटरच्या सगळ्या खोलीचं काम. पावसाळ्यात भाऊजींच्या मशीनवर चित्र येईना. ते माल आणायला मुंबईला गेलेले, म्हणून हेडमास्तरांनी मला बोलावलं.

कॅबिनेट उघडलं. कार्डाचे दात काळे. खोडरबरानं घासायचं, परत बसवायचं — संपलं. शाळाच ती, खोडरबर समोर टेबलावरच होतं. मग मी काय केलं? कार्ड तसंच खाचेत दाबलं आणि म्हणालो, “सर, चिपसेट गेलाय. जुना बोर्ड नवा म्हणून घातलाय.”

“घरचाच माणूस सांगतोय,” हेडमास्तर म्हणाले, “म्हणजे खरंच असणार.”

काम मला मिळालं. भाऊजींनी परत येऊन मशीन चालू करून दाखवलं, तर बोर्ड गुपचूप बदलला असंही मीच पसरवलं. कशासाठी? काम तर मिळालं होतं ना? — तरीही. वर्षभरात त्यांचं दुकान बंद झालं. दोघं खेडला गेली. ताईनं भाऊबीजेला बोलावणं सोडलं.

परवा खेडला गेलो. भाऊजी पडवीत बसले होते. बस म्हणाले नाहीत.

“काय रे, इथं कुणाचा चिपसेट घालवायला आलास?”

ताई दारात आली, मला पाहून तशीच आत वळली. मी मोठ्यानं बोललो, तिलाही ऐकू जावं म्हणून.

“भाऊजी, बोर्ड चांगला होता. कार्डाला गंज होता. मला तो तेव्हाच दिसला होता. मी खोटं बोललो. माझं चुकलं.”