उतावळ्या शरणप्पाची काडीमोड

बेंबळी गावाच्या आसपास एखादं खोंड कुणालाच आवरेना झालं, की त्याला शरणप्पाकडं आणायचे. खरं नाव शरणबसप्पा. पण एवढं लांबलचक नाव घ्यायला शेतकऱ्याला सवड कुठली? निजामाचं राज्य होतं, लांब मुलखात महायुद्ध चाललं होतं आणि इथं हा गडी खोंडांशी लढत होता. वेसणीला हिसडा, पाठीवर चाबूक, आणि तरी ऐकलं नाही तर पाय बांधून आडवं पाडायचं आणि मानेवर गुडघा रोवायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा धोतरावर रक्ताचे शिंतोडे असायचे. खोंड मात्र औताला चालू लागायचं. लोक म्हणायचे, गडी असावा तर असा.

गडी कसा होता, हे एकट्या त्याच्या बायकोला, शिवकांताला ठाऊक होतं. ती ईट गावची लेक. लग्न झाल्यापासून रोजची तीच तऱ्हा. अंगाला अंग लागतं न लागतं तोच शरणप्पाचं आटोपलेलं असायचं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं लोक हसून म्हणतात. पण याचा उतावळेपणा त्याच्या ताब्यात नव्हता, आणि ताब्यात नसलेली गोष्ट या माणसाला सोसत नव्हती. शिवकांता कधी काही बोलली नाही. ती गप्प राहायची, आणि त्याला वाटायचं, ही मनात हसतेय.

मग सकाळी भाकरी करपली म्हणून मार. आडावर वेळ लागला म्हणून मार. "बायकांत काय बोललीस?" हा एकच सवाल, आणि उत्तर यायच्या आत थोबाडीत. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! वर त्याची आई पार्वतम्मा गावभर सांगत फिरायची, सुनेची कूस उजवत नाही, वांझ पदरात पडली. एका वाक्यात शिवकांतानं दोघांचीही तोंडं बंद केली असती. पण तिनं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला.

तिसऱ्या वर्षी शरणप्पानं बाजारातल्या एका फिरत्या वैदूकडून ताकदीच्या पुड्या आणल्या. पोटात आग पडली, शौचाला रक्त पडू लागलं, आणि मूळ दुखणं होतं तिथंच राहिलं. तो राग शिवकांतावर निघाला. त्यानं चाबकाचा दांडा उगारला, तिनं तोंडावर हात घेतला आणि मनगट मोडलं. हाड मोडल्याचा आवाज शेजारी ऐकू गेला.

निरोप मिळताच तिचा थोरला भाऊ माणिकप्पा ईटहून गडीमाणसं घेऊन आला. त्यानं शरणप्पाला त्याच्याच अंगणात लोळवून तुडवला, दोन दात पाडले आणि बहिणीला गाडीत बसवलं. "यत्या सोमवारी आमच्या मठात पंच बसतील. काडीमोड करायची," एवढंच तो म्हणाला.

काडीमोड म्हणजे पंचांसमोर नवऱ्यानं कारण सांगायचं आणि गवताची काडी मोडायची, की लग्न मोडलं. नवरा जे कारण सांगेल तेच बाईच्या कपाळी चिकटायचं. शरणप्पानं नुसतं 'वांझ' म्हटलं असतं, तरी शिवकांताला पुन्हा कुणी घरात घेतलं नसतं.

पण घर खायला उठलं तसं शरणप्पाला कळलं, की आपल्याला ती हवी आहे. फार हवी आहे. सुजलेलं तोंड घेऊन तो उस्मानाबादेला गफार हकिमाकडं गेला. म्हाताऱ्यानं नाडी पाहिली, घरात कोण कुठं निजतं ते विचारलं, आणि औषध नाही म्हणाला.

शरणप्पानं त्याची गळपट्टी धरून त्याला भिंतीला रेटलं. फळीवरच्या दोन बरण्या खाली येऊन फुटल्या. "पुडी द्या, न्हायतर गळा दाबीन."

"दाब की बेटा. पर पुडीनं आतडी जळत्यात, ही बीमारी जात न्हाय." हकिमानं सावकाश त्याचा हात सोडवला. "तुझ्यात कमजोरी न्हाय. लई जणांचं असंच असतं. पडद्याआड आई निजती म्हणून घाई, अन् पुन्ना तसंच हुईल म्हणून भ्या. भ्यानं आणखी घाई. बुजलेल्या खोंडाला चाबूक दिलास तर काय करतं?"

"उधळतं."

"मग उधळायच्या आधीच थांब. दम निवू दे. पुन्ना हळू चाल, पुन्ना थांब. अन् बायकोला सांग सगळं, दोघांचं काम हाय ते. दोन-तीन महिन्यांत येईल ताब्यात."

बाहेर पायरीवर बसून शरणप्पा रडला. इतका सोपा इलाज, आणि त्यासाठी आपण काय काय केलं! घरी येऊन त्यानं मधल्या घरात मातीची भिंत घातली, आईचं अंथरूण ओसरीवर टाकलं आणि सोमवारी मोठ्या उमेदीनं ईट गाठलं.

मठात गाव जमलं होतं. पंचांच्या मधोमध मठाचे स्वामी अय्या बसले होते, त्यांच्यापुढं काडी ठेवलेली होती. शरणप्पा उभा राहिला. "दोष माझ्यात हाय. ती वांझ न्हाय. माझंच आधी उरकतं. हकिमानं इलाज सांगितलाय, घरात भित घातलीय. तिला नांदायला धाडा."

असलं बोलायला वाघाचं काळीज लागतं, हे माणिकप्पालाही कबूल करावं लागलं. त्यानं मान खाली घातली. अय्यांनी शिवकांताला विचारलं.

"मला ठावं हुतं की," ती म्हणाली. "त्याचं मला कवाच काय वाटलं न्हाय. पयल्या राती सांगितलं असतं, तर दोघांनी मिळून बघितलं असतं. कमरंचा इलाज तुमाला घावला, चांगलं झालं. हाताचा कुणाकडनं आणणार?"

मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. शरणप्पाच्या डोक्यात रक्त चढलं. सगळ्या गावासमोर अब्रू काढून ठेवली, आणि वर हे ऐकायचं? तेवढ्यात त्याला दिसलं, की शिवकांता अंग चोरून खाली बसली आहे आणि फडक्यानं बांधलेलं मोडकं मनगट तिनं तोंडावर घेतलं आहे. ती अशी का बसली, हे त्याला क्षणभर कळेना. मग त्यानं वर पाहिलं. त्याचा हात उगारलेला होता.

त्यानं तो खाली घेतला आणि अय्यांपुढची काडी उचलली. अय्यांनी रिवाजाप्रमाणं कारण विचारलं.

"माझा हात," शरणप्पा म्हणाला, आणि त्यानं काडी मोडली.